चीनमध्ये पॉलिमरचं मास्टर्स: एक फाइल पाचोऱ्याची, एक लागोसची

चटईवाला_जळगाव

राम राम मंडळी. प्रश्न दोन पोरांचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

एक माझा पुतण्या. पाचोऱ्याचा, जळगावात बीटेक केमिकल, शेवटचं वर्ष चालू, सीजीपीए १० पैकी ७.४. दुसरा नायजेरियाचा. थोरला भाऊ लागोसजवळ पीव्हीसी पाइपच्या कारखान्यात आहे, तिथल्या स्टोअरकीपरचा हा मुलगा. सरकारी विद्यापीठातून बीएस्सी इंडस्ट्रियल केमिस्ट्री, सेकंड क्लास अपर, ५ पैकी ३.९. दोघांनाही चीनमध्ये पॉलिमरमध्ये मास्टर्स करायचं आहे, तेही चिनी सरकारच्या शिष्यवृत्तीवर, कारण फी भरायची ताकद दोन्ही घरांत नाही.

भावाचं म्हणणं, दोघांच्या फायली एकाच एजंटाकडे देऊ. एजंट प्रत्येकी दीड लाख मागतो आणि सीट पक्की म्हणतो. एजंटाशिवाय हे जमतं का? नायजेरियाच्या पासपोर्टवर कोणते कागद वेगळे लागतात? ते पोरगं आम्हाला रोज मेसेज करून विचारतं आणि आमच्याकडे उत्तर नसतं. शिवाय तिथे उतरल्यावर हातात किती पैसे हवेत आणि चिनी भाषा येत नसेल तर निभावतं का, तेही सांगा.

---

तापीकाठ (यावल)

दादा, आधी एजंटाचं. या शिष्यवृत्तीची जागा कुणालाच आधी पक्की करता येत नाही. निवड विद्यापीठ करतं आणि शिक्का चायना स्कॉलरशिप कौन्सिल, म्हणजे सीएससी, मारतं. निकाल जून-जुलैत लागतो. त्याआधी कुणी पक्की म्हणत असेल तर बहुधा तो तुम्हाला फी भरायच्या प्रवेशाचं पत्र शिष्यवृत्ती म्हणून दाखवणार. अर्ज सगळा ऑनलाइन आहे, घरी बसून होतो.

रस्ते मुख्य दोन. टाइप ए म्हणजे देशादेशांतला करार, यात नाव सरकारमार्फत किंवा वकिलातीमार्फत जातं. नायजेरियात हे काम फेडरल स्कॉलरशिप बोर्ड करायचं, 'बायलॅटरल एज्युकेशन ॲग्रीमेंट' या नावाने. पण २०२५ मध्ये तिथले शिक्षणमंत्री तुंजी अलाउसा यांनी ती योजना बंद केल्याचं जाहीर केलं. त्याच्या आधीही नायजेरिया सरकारने द्यायचा वरखर्च मुलांना महिनोन् महिने मिळत नव्हता. त्यामुळे त्या मुलाने तो रस्ता सोडून द्यावा. दोघांसाठीही टाइप बी बरा, म्हणजे थेट विद्यापीठाकडे अर्ज.

टाइप बीमध्ये दोन अर्ज असतात आणि निम्मी मुलं इथेच चुकतात. एक सीएससीच्या साइटवर, दुसरा विद्यापीठाच्या स्वतःच्या पोर्टलवर. फक्त सीएससीचा भरला तर विद्यापीठाकडे तुमची फाइलच नसते. फक्त विद्यापीठाचा भरला तर तो स्वखर्चाचा अर्ज धरला जातो. सीएससीच्या फॉर्ममध्ये पाच आकडी एजन्सी नंबर टाकावा लागतो. सिच्वान विद्यापीठ १०६१०, पेइचिंगचं (बीजिंग) केमिकल टेक्नॉलॉजी विद्यापीठ १००१०, शांघायचं दोंगह्वा १०२५५. एक आकडा चुकला की अर्ज भलत्याच विद्यापीठाच्या नावावर जातो, आणि त्यांना तुमच्याशी काही देणंघेणं नसतं.

पॉलिमरसाठी ही तिन्ही नावं वजनदार आहेत. सिच्वानमध्ये पॉलिमर मटेरियल्सची राष्ट्रीय पातळीवरची प्रयोगशाळा आहे, दोंगह्वाचा हात धागा आणि कापडात, आणि रबर हवं असेल तर चिंगदाओचं सायन्स अँड टेक्नॉलॉजी विद्यापीठ. फक्त मोठ्या नावांवर विसंबू नका, एखादं मधल्या फळीतलं प्रांतिक विद्यापीठही धरा.

मास्टर्सला वयाची अट ३५ च्या आत. पूर्ण शिष्यवृत्तीत फी माफ, होस्टेल, महिन्याला ३,००० युआन आणि वर्षाला ८०० युआनचा विमा त्यांच्याकडून. विमानाचं तिकीट आपलं. अर्जाची फी विद्यापीठागणिक साधारण ४०० ते ८०० युआन आणि ती परत मिळत नाही. ६०० युआन म्हणजे आपले साधारण साडेसात-आठ हजार रुपये. त्या मुलाच्या बापाला मात्र हे फार जड आहे. जून २०२३ मध्ये तिथलं चलन नायरा बाजारभावावर मोकळं सोडल्यावर डॉलर साधारण ४६० वरून वर्षभरात १,५०० नायरांवर गेला. त्या दराने ६०० युआन म्हणजे सव्वा लाख नायरा, आणि तिथलं किमान वेतन महिन्याला ७०,००० नायरा. म्हणून त्याने दोन-तीनच विद्यापीठं नीट निवडावीत, आणि अर्ज फी न घेणारी आधी शोधावीत. तशीही आहेत.

आता फाइल. शिफारसपत्रं दोन, आणि ती प्रोफेसर किंवा असोसिएट प्रोफेसरचीच. आपल्याकडे वर्गशिक्षक बहुतेक असिस्टंट प्रोफेसर असतात, त्यांचं पत्र कितीही मनापासून लिहिलेलं असलं तरी निकषात बसत नाही. नायजेरियात सीनियर लेक्चररचं पत्र चालत नाही, तिथे असोसिएट प्रोफेसरला रीडर म्हणतात. पत्रात तसं स्पष्ट लिहून घ्यावं, नाहीतर चीनमधल्या कारकुनाला 'रीडर' म्हणजे कोण ते कळत नाही. लेटरहेड, तारीख, सही, फोन, ईमेल या पाचही गोष्टी हव्यात.

स्टडी प्लॅन मास्टर्सला किमान ८०० शब्दांचा. मी चीनची प्रगती पाहून भारावलो, असल्या वाक्यांनी तो भरू नका. पुतण्याच्या घराशेजारी विषय पडला आहे. जळगावच्या चटईत पुनर्वापराचं पॉलिप्रोपिलीन (पीपी) किती टक्के घातलं की पट्टी तुटायला लागते, हा प्रश्न घ्या. किंवा केळीच्या खोडाचा धागा पीपीमध्ये मिसळायचा तर धागा पाणी धरतो आणि प्लॅस्टिकला चिकटत नाही, त्यावर कोणती प्रक्रिया करून पाहणार ते लिहा. लागोसच्या मुलाकडेही तसाच विषय आहे. तिथे पिण्याचं पाणी अर्ध्या लिटरच्या पिशवीत विकतात, 'प्युअर वॉटर' म्हणतात, आणि त्या पॉलिथिनच्या पिशव्यांनी गटारं तुंबतात. त्या पिशव्यांपासून पाइपजोगा माल कसा करता येईल यावर दोन पानं लिहिली तर प्राध्यापक वाचतो.

प्राध्यापकाचं स्वीकृतिपत्र सगळीकडे सक्तीचं नाही, पण असेल तर पारडं जड होतं. सप्टेंबर-ऑक्टोबरपासून मेल सुरू करा. एकाच विभागातल्या चौघांना एकच मेल पाठवू नका, ते एकमेकांना दाखवतात. त्या प्राध्यापकाचा अलीकडचा एक शोधनिबंध वाचून त्यावर दोन ओळी, आपलं काय जुळतं त्या दोन ओळी, सोबत एक पानाचा बायोडेटा. बास.

---

गिरणा_पूल (चाळीसगाव)

तापीकाठ यांनी अर्जाचं नीट सांगितलं. मी कागदांचं लिहितो, कारण दोन फायली एकत्र करू म्हणाल तर घोटाळा होईल.

दोघांनाही सारखे कागद: पदवी, गुणपत्रकं, पासपोर्ट, पोलिस दाखला (सहा महिन्यांच्या आतला), इंग्रजीचा पुरावा आणि परदेशी व्यक्तीचा वैद्यकीय तपासणी फॉर्म. फॉर्म पाहायला सोपा, पण सगळ्यात जास्त परत येतो तोच. रक्ताच्या तपासण्यांत एचआयव्ही आणि सिफिलिस, छातीचा एक्स-रे, ईसीजी, सगळे रकाने भरलेले हवेत. फोटो चिकटवून त्याच्या कडेवर अर्धा फोटोवर अर्धा कागदावर असा रुग्णालयाचा गोल शिक्का हवा. नुसती डॉक्टरची सही चालत नाही. मुदत सहा महिने. म्हणून अर्जासाठी डिसेंबर-जानेवारीत केलेल्या फॉर्मची मुदत जुलै-ऑगस्टला जायच्या वेळी संपलेली असते. अर्जाला एकदा आणि जाण्याआधी एकदा, असा दोनदा खर्च धरलात तरी हरकत नाही. मूळ फॉर्म आणि रिपोर्ट हातसामानात न्या, उतरल्यावर पुन्हा तपासणीच्या वेळी लागतात.

पुतण्याचं: शेवटचं वर्ष चालू आहे, म्हणजे अर्जाच्या वेळी पदवी नसणार. कॉलेजकडून 'अमुक महिन्यात पदवी पूर्ण होणे अपेक्षित' असं पत्र घ्या, त्यावर चालतं. निकाल लागला की त्याच आठवड्यात विद्यापीठात प्रोव्हिजनल पदवी प्रमाणपत्राचा अर्ज टाका, दीक्षांत समारंभाची वाट पाहू नका. सप्टेंबरला नोंदणीच्या खिडकीवर मूळ कागद मागतात. ट्रान्सक्रिप्ट (सगळ्या सत्रांच्या गुणांचा एकत्र उतारा) आणि सीजीपीएवरून टक्केवारी काढायचं सूत्र असलेलं पत्र एकाच फेरीत मागा. ७.४ म्हणजे किती टक्के, हे तिथल्या माणसाने स्वतः काढावं अशी अपेक्षा ठेवू नका. पोलिस दाखला पासपोर्टच्या साइटवरून मिळतो.

नायजेरियाच्या मुलाचं बरंच वेगळं आहे.

त्याची ३.९ ही श्रेणी ५ पैकी आहे. चीनमध्ये काही विद्यापीठं ४ पैकी मोजतात, काही ५ पैकी. नुसतं ३.९ लिहिलं तर वाचणारा काय समजेल याचा भरवसा नाही. '५.०० पैकी ३.९०, सेकंड क्लास अपर, या वर्गाची कक्षा ३.५० ते ४.४९' असं पूर्ण लिहावं. ट्रान्सक्रिप्ट तिथली विद्यापीठं शक्यतो थेट दुसऱ्या संस्थेला पाठवतात, मुलाच्या हातात देत नाहीत. अपलोडला मात्र हातात प्रत लागते. म्हणून स्टुडंट कॉपीचा वेगळा अर्ज आजच टाकावा. यात आठवडे जातात आणि कुणीतरी खिडकीवर जाऊन उभं राहावं लागतं.

इंग्रजीचं त्याला सोपं, शिकण्याची भाषाच इंग्रजी आहे. विद्यापीठाचं तसं पत्र बऱ्याच ठिकाणी चालतं. पुतण्यालाही असंच माध्यमाचं पत्र मिळेल, पण काही विद्यापीठं आयईएल्ट्स ६ किंवा टोफेल ८० मागतात. अर्जाच्या पानावर 'माध्यमाचं पत्र स्वीकारतो' असं स्पष्ट असेल तिथेच त्यावर विसंबा. पोलिस दाखला त्याला गुन्हे अन्वेषण विभागाकडून घ्यावा लागतो, लागोसमध्ये इकोयीतलं अलाग्बोन क्लोजचं कार्यालय. पिवळ्या तापाच्या लसीचं कार्ड त्याच्या पासपोर्टसोबत कायम हवं.

आणि एक मोठी गोष्ट विचारून घ्या: त्याची एनवायएससी झाली आहे का? पदवीनंतर वर्षभराची ही राष्ट्रीय सेवा तिथे बंधनकारक आहे, पदवी मिळताना वय ३० च्या आत असलेल्या सगळ्यांना. चीनचं विद्यापीठ ते प्रमाणपत्र मागत नाही, पण मास्टर्स करून घरी परतल्यावर नोकरीला ते लागतंच. सेवेची तुकडी आणि सप्टेंबरचा प्रवेश एकाच वेळी आले तर पेच पडतो, कारण ही शिष्यवृत्ती पुढच्या वर्षावर ढकलता येईल असं धरून चालता येत नाही. सेवा अर्धी झाली असेल तर ती पूर्ण करून पुढच्या वर्षीचा अर्ज करणं शहाणपणाचं.

त्याची पदवी बीएस्सी आहे म्हणून बरं. पॉलिटेक्निकची एचएनडी (हायर नॅशनल डिप्लोमा) असती तर मास्टर्सला बरीच विद्यापीठं ती पदवी धरत नाहीत. त्याच्या मित्रांपैकी कुणी एचएनडीवाला असेल तर आधी प्रवेश कार्यालयाला मेल करून मगच फी भरायला सांगा.

---

चटईवाला_जळगाव

दोघांचेही खूप आभार, आज संध्याकाळीच भावाला फोन करतो. एजंटाच्या दीड लाखात 'ॲपोस्टिल पॅकेज' म्हणून ३५ हजार वेगळे लिहिले आहेत. ते तरी करून घ्यावं का?

---

गिरणा_पूल (चाळीसगाव)

नको. ॲपोस्टिल म्हणजे दुसऱ्या देशात कागद चालावा म्हणून आपल्या सरकारने मारायचा शिक्का. चीनमध्ये ॲपोस्टिलचा करार ७ नोव्हेंबर २०२३ पासून लागू झाला हे खरं, आणि त्यावरच हे पॅकेज विकतात. पण भारताने चीनच्या प्रवेशाला हरकत घेतल्यामुळे तो करार भारत आणि चीन यांच्यात लागू नाही. नायजेरिया तर त्या करारात नाहीच. म्हणजे दोघांनाही ॲपोस्टिलचा उपयोग शून्य.

अर्जाला साक्षांकित प्रतींचं स्कॅन पुरतं. प्रवेश मिळाल्यावर विद्यापीठाने प्रमाणित पदवी मागितली तर जुनी साखळी करावी लागते. पुतण्याला राज्य शासन, मग परराष्ट्र मंत्रालय, मग चिनी दूतावासाकडची कायदेशीर नोंद. त्या मुलाला आधी त्यांचं शिक्षण मंत्रालय, मग परराष्ट्र मंत्रालय, मग अबुजाचा चिनी दूतावास किंवा लागोसची वाणिज्य वकिलात. क्रम मोडला तर पुढची खिडकी कागद घेत नाही. मागितल्याशिवाय हा खर्च करू नका.

---

अमळनेर_४२५४०१

एक गोष्ट कुणी लिहिली नाही: नाव. फाइल नाकारली जाण्यापेक्षाही, तिथे गेल्यावर सहा महिने त्रास होतो तो नावामुळे.

समजा पासपोर्टवर आडनावाच्या रकान्यात 'पाटील' आणि नावाच्या रकान्यात 'सागर भिकन'. गुणपत्रकावर 'पाटील सागर भिकन'. आधारवर 'सागर भिकन पाटील'. आपल्याला तिन्ही एकच वाटतात. चीनमध्ये होस्टेलच्या कार्डावर एक क्रम, सिमकार्डवर दुसरा आणि बँक खात्यावर तिसरा पडला की अलीपे आणि वीचॅट पे ही पैसे भरायची ॲप खातं जोडताना 'नाव जुळत नाही' म्हणून थांबतात. तिथे या दोन ॲपशिवाय मेसमध्ये जेवणसुद्धा अडतं. उपाय साधा आहे. पासपोर्टच्या फोटोच्या पानावर तळाशी बाणांच्या खुणा असलेल्या दोन ओळी असतात, वरच्या ओळीत आधी आडनाव आणि मग नाव. बँकेत आणि सिमच्या दुकानात त्या ओळीवर बोट ठेवायचं आणि तसंच्या तसं टाइप करायला सांगायचं. आधी सिम, मग बँक, मग ॲप. पहिल्या दोन ठिकाणी पावतीवर नाव कसं छापलं ते जागेवरच वाचून पाहायचं, मध्ये मोकळी जागा सोडली आहे की नाही तेसुद्धा.

पासपोर्टवर आडनावाचा रकाना कोराच असेल, आणि आपल्या भागात असे पासपोर्ट बरेच आहेत, तर अर्जाआधी पासपोर्ट दुरुस्त करून घ्या. जळगावच्या पोस्टातल्या पासपोर्ट केंद्रात हे काम होतं. पोलिस दाखला आणि वैद्यकीय फॉर्म त्यानंतरच काढा, म्हणजे नवा पासपोर्ट क्रमांक सगळीकडे एकच राहील.

त्या मुलाच्या बाबतीत तीन नावं असतील तर वायेकच्या, म्हणजे त्यांच्या बारावीच्या प्रमाणपत्रावर, विद्यापीठाच्या पदवीवर आणि पासपोर्टवर तिन्ही नावं आहेत का ते आज बघायला सांगा. मधलं नाव एखाद्या कागदावर गळलं असेल तर उच्च न्यायालयाच्या नोंदणी कार्यालयातून 'ही एकच व्यक्ती' असं प्रतिज्ञापत्र करून ते फाइलला जोडावं. स्पेलिंगच वेगळं असेल तर आधी कागदच दुरुस्त करावा.

---

भुसावळ_जंक्शन

पैशांचं आणि पहिल्या महिन्याचं.

शिष्यवृत्तीच्या मुलाला प्रवेशपत्रासोबत जेडब्ल्यू२०१ फॉर्म येतो. जेडब्ल्यू२०२ आला तर समजा स्वखर्चाचा प्रवेश आहे, मग एजंट काहीही म्हणो. हा एकच आकडा बघितला तरी फसवणूक पकडता येते. व्हिसा एक्स१. तो एकदाच आत येण्यासाठी असतो आणि उतरल्यापासून ३० दिवसांत त्याचं निवासपरवान्यात रूपांतर करावं लागतं. परवाना होईपर्यंत हाँगकाँगलासुद्धा जाऊ नये, व्हिसा तिथेच संपतो.

होस्टेलची खोली मिळेपर्यंत बाहेर कुणाच्या घरी राहिलात तर २४ तासांत पोलिस चौकीत नोंद. हॉटेल स्वतः नोंद करतं, ओळखीचा माणूस विसरतो, आणि दंड मुलाला होतो. निवासपरवान्याची फी, तो एका वर्षाच्या आतला असेल तर ४०० युआन, एक ते तीन वर्षांचा असेल तर ८००. पुन्हा वैद्यकीय तपासणी झाली तर तिचे वेगळे.

महिन्याचे ३,००० युआन उतरल्या दिवशी मिळत नाहीत. नोंदणी, बँक खातं, मग यादी, असं होता होता महिना-दीड महिना सहज जातो. आणि नियम असा की १५ तारखेच्या आत नोंदणी केली तर त्या महिन्याचा पूर्ण भत्ता, नंतर केली तर निम्मा. तिकीट दोन हजार रुपयांनी स्वस्त मिळतं म्हणून १७ तारखेला पोचलं तर १,५०० युआन जातात. मेस, सिम, अनामत, परवाना आणि अंथरूण-पांघरूण धरून हातात ४,००० ते ५,००० युआन हवेत. भारतातून जाताना रोख परकीय चलन एका प्रवासाला ३,००० डॉलरपर्यंतच नेता येतं, त्यामुळे हे त्यात बसतं. नायजेरियाच्या मुलाने नायराच्या कार्डावर बाहेर पैसे निघतील असं धरू नये. डॉलर रोख न्यावेत, नव्या कोऱ्या नोटा, घडी न पडलेल्या. चीनमध्ये शिरताना ५,००० डॉलरच्या वर असेल तरच जाहीर करावं लागतं.

फोनची गोष्ट आधी करून ठेवा. वीचॅटवर, म्हणजे तिथल्या व्हॉट्सॲपसारख्या ॲपवर, भारतात जून २०२० पासून बंदी आहे, त्यामुळे पुतण्याला ते इथून घालता येणार नाही. चीनमध्ये गुगलचं स्टोअर चालत नाही. उतरल्यावर वीचॅटच्या चिनी साइटवरून थेट उतरवून घ्यावं. खातं उघडताना जुन्या वापरकर्त्याने स्कॅन करून दुजोरा द्यावा लागतो, आणि तिथेच लागोसच्या मित्राचा उपयोग. नायजेरियात वीचॅट चालतं, त्याने खातं आताच उघडून जुनं करून ठेवावं. जीमेल आणि व्हॉट्सॲपही तिथे बंद, म्हणून विद्यापीठाला दिलेला ईमेल तिथे उघडेल असा हवा.

बाहेर पार्टटाइम काम करून घरी पैसे पाठवू, हा विचार दोघांच्याही डोक्यातून आत्ताच काढा. विद्यापीठाची आणि पोलिसांची परवानगी घेऊन परवान्यावर तशी नोंद झाल्याशिवाय काम बेकायदा आहे, त्यात परवाना आणि शिष्यवृत्ती दोन्ही जातात. शिष्यवृत्तीचा दरवर्षी आढावा होतो, हजेरी आणि गुण बघतात. नापास झालं तर भत्ता थांबतो.

---

सातपुडा_पायथा (शहादा)

भाषेबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून. इंग्रजी माध्यमाचं मास्टर्स म्हणजे तास आणि प्रबंध इंग्रजीत. प्रयोगशाळेतल्या यंत्रावरची बटणं, रसायनांच्या बाटल्या, गाइडच्या मीटिंगा हे सगळं चिनीतच असतं. शिवाय २०१८ च्या तिथल्या शिक्षण मंत्रालयाच्या मानकांनुसार इंग्रजी माध्यमाच्या मास्टर्सलाही पदवीपर्यंत एचएसके या चिनी भाषेच्या परीक्षेची तिसरी पातळी अपेक्षित आहे. जुन्या आराखड्यात ते ६०० शब्द. इथून जातानाच २०० शब्द घेऊन जावेत.

मराठी माणसाला एक फायदा आहे, तो इंग्रजीतून शिकताना वाया जातो. पिनयिन, म्हणजे चिनीची रोमन लिपी, इंग्रजीसारखी वाचू नका. तिच्यातला बी हा आपला प, पी हा फ, पण ओठ मिटून सोडलेला जुना 'फ'. डी म्हणजे त, टी म्हणजे थ. जी म्हणजे क, के म्हणजे ख. हा अल्पप्राण-महाप्राण भेद आपण मुळाक्षरांतच शिकलेलो असतो. आणखी पुढे: जे म्हणजे 'चहा'तला च, झेड म्हणजे 'चटई'तला च. हिंदीवाल्यांकडे हा दुसरा च नाही, आपल्याकडे आहे. एका वहीत पिनयिनच्या समोर देवनागरी लिहून काढा, उच्चार आठ दिवसांत बसतात.

आपल्याला जड जातात ते सूर. एकच 'मा' चार सुरांत चार अर्थांचा. तिथे त्या मुलाची बाजू भक्कम: तो योरुबा बोलणारा असेल तर त्याच्या भाषेतही वरचा, मधला आणि खालचा असे तीन सूर अर्थ बदलतात, त्याचा कान तयार आहे. दोघांनी रोज अर्धा तास फोनवर एकमेकांना शब्द म्हणून दाखवावेत. याने व्यंजनं दुरुस्त करावीत, त्याने सूर.

---

सुलवाडे_ताई

मध्येच विचारते, माफ करा. बहिणीच्या मुलीला चीनमध्ये एमबीबीएस सुचवलं आहे कुणीतरी. हेच सगळं लागू होतं का?

---

तापीकाठ (यावल)

नाही ताई, ते गणित वेगळं आहे. 'नीट' ही प्रवेशपरीक्षा उत्तीर्ण हवीच. परत येऊन डॉक्टरकी करायची तर २०२१ च्या नियमांत किमान ५४ महिन्यांचं शिक्षण, त्याच संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप, माध्यम इंग्रजी, आणि त्या देशात डॉक्टर म्हणून नोंदणीला पात्रता, हे सगळं लागतं. शेवटची अट चीनच्या बाबतीत सगळ्यात अवघड, कारण तिथली परवान्याची परीक्षा चिनी भाषेत असते. वरून इथली परीक्षा. या चार अटींचं लेखी उत्तर विद्यापीठाकडून मिळाल्याशिवाय एक रुपया भरू नका. वेगळा धागा काढा, तिथे नीट लिहितो.

आणि या धाग्यावर कुणी बारावीनंतर शिष्यवृत्तीवर जाणारं असेल तर: २०२६ च्या प्रवेशापासून सरकारी शिष्यवृत्तीच्या पदवी अर्जांना सीएससीए ही नवी परीक्षा द्यावी लागते, त्यात गणित सगळ्यांना. मास्टर्सला ती नाही.

---

चटईवाला_जळगाव

एजंटाला नाही म्हणून कळवलं. भावाला सगळं वाचून दाखवलं. त्या मुलाची एनवायएससी मार्चमध्ये पूर्ण होते आहे, म्हणजे सप्टेंबर जमतो. त्याच्या वायेकवर मधलं नाव नाही, ते प्रतिज्ञापत्र या आठवड्यात करतोय. पुतण्याच्या आईचा एकच प्रश्न: खाण्याचं काय न्यावं? कळण्याचं पीठ, खान्देशी मसाला आणि घरचं तूप बांधून ठेवलं आहे.

---

भुसावळ_जंक्शन

मसाला न्या, दळलेला, पाकीटबंद, वर इंग्रजीत नाव लिहून. पीठ थोडंच, तेही सीलबंद. तूप नको, वहिनींना सांगा. दुधाचे पदार्थ, मांस-मासे, ताजी फळं-भाज्या आणि कुठलंही बियाणं चिनी कस्टम काढून घेतं. म्हणजे आपले शेंगदाणे-तीळ भाजलेले आणि पाकिटातले असावेत, कच्चे नकोत. लागोसच्या मुलाला सुका मासा आणि एगुसीच्या बिया न्यायच्या असतील तर त्याही काढून घेतील, त्याच्या आईलाही सांगा.

होस्टेलच्या खोलीत शेगडी किंवा पाण्याची कॉइल लावू देत नाहीत, जास्त वॅटेज लागलं की त्या खोलीची वीज आपोआप बंद पडते आणि वस्तू जप्त होते. मजल्यावर सामाईक स्वयंपाकघर आहे का, हे अर्जाच्या वेळीच विचारा. तवा इथून नेला तरी चालेल, तिथे पसरट लोखंडी तवा पटकन सापडत नाही.

थंडीचं एक लक्षात ठेवा. चिनलिंग पर्वत आणि ह्वाय नदी यांच्या उत्तरेला इमारतींना सरकारी गरम पाण्याची पाइपलाइन असते, पेइचिंगला १५ नोव्हेंबर ते १५ मार्च. चिंगदाओही त्या पट्ट्यात येतं. सिच्वानचं छंगतू आणि शांघाय दक्षिणेत, तिथे पाइपलाइन नाही. बाहेर पाच अंश असलं तर खोलीतही तेवढीच थंडी, आणि हवा ओली. पेइचिंगला जाड कोट एक पुरतो. छंगतूला मात्र आतून घालायचे लोकरीचे कपडे दोन जोड न्यावेत, कारण वाळत घातलेले तीन दिवस वाळत नाहीत.

---

गिरणा_पूल (चाळीसगाव)

एक राहिलं, आणि हे तीन वर्षांनी लागेल म्हणून आताच लिहून ठेवा. चीनमध्ये शिक्षण संपल्यावर दोन प्रमाणपत्रं मिळतात, एक अभ्यासक्रम पूर्ण केल्याचं, दुसरं पदवीचं. काही मुलं एकच घेऊन येतात. पदवीला इथे मान्यता घेताना (आता ते २०२५ च्या नियमांनुसार यूजीसीकडे आहे) दोन्ही मागतात, सोबत ट्रान्सक्रिप्ट आणि पासपोर्टवरचे येण्या-जाण्याचे शिक्के. तो पासपोर्ट जपून ठेवा, बदलला तरी जुना फेकू नका. दोन्ही प्रमाणपत्रांची इंग्रजी प्रत त्याच शहरातल्या नोटरी कार्यालयातून चीन सोडायच्या आधी करून घ्यावी. परत आल्यावर तेच काम जळगावातून किंवा लागोसमधून करायचं तर तिथे कुणीतरी मुखत्यार शोधावा लागतो आणि महिने जातात. नायजेरियाच्या मुलाने ते कागद पेइचिंगच्या त्यांच्या दूतावासातून प्रमाणित करूनच विमानात बसावं.